शोकेसमधली दोन जनावरं

इंदूरच्या रामबागेत आत्याच्या बैठकीत काचेचं कपाट आहे. त्यात एक काळा गेंडा आणि एक तपकिरी सिंह शेजारी शेजारी उभे असतात. काका बरीच वर्षं दारेसलामला नोकरीला होते, म्हणून येणारा-जाणारा दोन्हींना आफ्रिकेचे समजतो. सिंह मात्र इंदूरचाच आहे.

हातात घेतला की कळतं. एवढ्या आकाराच्या मानाने तो फारच हलका. आत तारेचा सांगाडा, त्यावर घडवलेलं भरीव अंग आणि वरून डकवलेलं पातळ कातडं. हे कातडं बोटांनी दाबत दाबत खांद्याच्या, मांडीच्या, जबड्याच्या खोलगटात असं बसवायचं की खालचे स्नायू वर उमटावेत. सगळी कारागिरी तिथे आहे. पोटाखाली नख फिरवा, कातड्याच्या दोन कडा जिथे भेटतात तो सांधा लागेल. अखंड लाकडात असा सांधा कुठून येणार? या खेळण्यांना ‘लेदर टॉईज ऑफ इंदूर’ या नावाने भौगोलिक मानांकन आहे. त्यामागचा कायदा १९९९चा, लागू झाला २००३मध्ये. पण आत्याच्या सिंहाखाली काहीच लिहिलेलं नाही, आणि शेजारच्या मावशींनी असाच एक घोडा दिल्लीहून ‘दिल्लीची वस्तू’ म्हणून आणला होता. आपल्याच गावची कला आपल्याला ओळखता येऊ नये, याचं मला फार वाईट वाटतं.

गेंड्याची गोष्ट जास्त गुंतागुंतीची. उचलताना मनगटाला ओढ बसते. हे म्पिंगोचं लाकूड, पूर्व आफ्रिकेतलं. पाण्यात टाकलं तर बुडतं. क्लॅरिनेटसारखी वाद्यं याचीच करतात. आपल्या शिसवीचं ते जवळचं नातलग, दोन्ही झाडं डालबर्जिया वंशातली. गाभा जांभळट काळा, त्याभोवतीचं लाकूड पिवळट. बाजारात हलक्या लाकडाला बूटपॉलिश फासून त्याच नावाने विकतात, म्हणून तळाला, जिथे दिसणार नाही अशा जागी, जरासं खरवडून बघावं. आत पांढरं निघालं आणि वजनही नसेल, तर तो म्पिंगोचा गाभा नव्हे.

पण लाकडावरून फार तर प्रदेश कळतो, हात कळत नाही. दारेसलामला घेतलेलं ते सगळं ‘मकोंडे’, असं काकाही म्हणायचे. मकोंडे लोक मूळचे मोझांबिक-टांझानियाच्या सीमेवरचे. त्यांच्या कोरीवकामात माणसं आणि भुतंखेतं भरलेली असतात. १९५०च्या दशकात सामाकी लिकांकोआ या कारागिराने ‘शेतानी’ नावाची वेडीवाकडी, लवचिक भुतं कोरायला सुरुवात केली. दारेसलामचे भारतीय वंशाचे व्यापारी मोहम्मद पीरा यांनी ती उचलून धरली. पुढे एकावर एक चढलेल्या माणसांचे ‘उजामा’ खांब आले. या सगळ्यात गुळगुळीत, शांत उभा गेंडा शोभत नाही.

असे गेंडे, जिराफ, हरणं ही केनियातल्या कांबा लोकांची खास ओळख. वामुन्यु गावचे मुतिस्या मुंगे पहिल्या महायुद्धाच्या काळात आजच्या टांझानियात गेले, तिथे कोरीवकाम शिकले आणि परत येऊन ते गावात रुजवलं. नैरोबी-मोम्बासाच्या प्रवाशांनी जनावरं मागितली, कारागिरांनी जनावरं कोरली. काहींना यामुळे ही कला खोटी वाटते. मला तसं वाटत नाही. गिऱ्हाइकासाठी केलेलं कामही मन लावून केलेलं असू शकतं. या गेंड्याच्या कानामागची बारीक वळी बघितली की पटतं.

म्हणजे गेंडा दारेसलामला विकला गेला, पण बहुधा सीमेपलीकडे केनियात घडला. पावतीवरचं गाव आणि वस्तूचं गाव एकच असेल असं धरून चालू नये. गेल्या दिवाळीत मी आत्याला दोन चिठ्ठ्या लिहून दिल्या. सिंहाखाली: ‘इंदूर, कातडं.’ गेंड्याखाली: ‘म्पिंगो, बहुधा कांबा, खरेदी दारेसलाम.’ आत्याने दुसरी चिठ्ठी दोनदा वाचली आणि ‘बहुधा’खाली पेनाने रेघ मारून ती डकवली.