आकाशांतील वाटाडे आणि पडद्यावरील संकट

विमानांवर ओढवलेल्या संकटाचा बोलपट पाहून घरीं परतणाऱ्या मंडळींत बहुधा दोन तट पडलेले दिसतात. एक तट म्हणतो, दोन तास श्वास रोखून बसलों, पैसे वसूल झाले, आणखी काय पाहिजे? दुसऱ्या तटांतील चिकित्सक मंडळी म्हणतात, सारें खोटें. असें कधीं घडतच नाहीं. दोघांच्याही म्हणण्यांत तथ्यांश आहे. परंतु एक तिसरा प्रश्न दोघांकडूनही राहून जातो. पडद्यावर ज्याला दोषी ठरविलें जातें, त्याच्यासारखा एकटा दोषी खऱ्या आपत्तींत असतो काय? हा प्रश्न करमणुकीपुरता नाहीं. त्याच्या चुकीच्या उत्तरापायीं एका माणसाला आपला जीव गमवावा लागलेला आहे.

१९९० सालीं निघालेला ‘डाय हार्ड २’ हा अमेरिकन बोलपट या जातीचा ठळक नमुना होय. नाताळची पूर्वसंध्या, वॉशिंग्टनजवळील डलेस विमानतळ, बाहेर हिमवर्षाव. कांहीं दुष्ट लोक विमानतळाची बिनतारी यंत्रणा व धावपट्टीचे दिवे ताब्यांत घेतात. वर घिरट्या घालणाऱ्या विमानांतील इंधन संपत येतें, आणि एका विमानाला जमिनीची पातळी खोटी भासवून तें धावपट्टीवर आपटविलें जातें. चिकित्सक प्रेक्षकांनीं या बोलपटाला चांगलेंच धारेवर धरलें. डलेसच्या इमारतींतील टेलिफोनवर दूरच्या कॅलिफोर्नियांतील कंपनीचें नांव दिसतें, हेंही त्यांच्या नजरेंतून सुटलें नाहीं. मात्र त्यांचे मुख्य आक्षेप याहून वजनदार आहेत, आणि ते कळण्यास नियंत्रकाचें काम थोडें समजून घेतलें पाहिजे.

विमान-वाहतुकीचें नियंत्रण म्हणजे आकाशांतील वाटा सांभाळण्याचें काम. उंच मनोऱ्यांत बसलेला नियंत्रक धावपट्टी व तिच्या सभोंवारचें आकाश तेवढें पाहतो. विमान तेथून निघालें कीं, जवळच्या आकाशाचा नियंत्रक त्याला हातीं घेतो आणि पुढें तें दूरच्या प्रदेशाच्या नियंत्रकाकडे सोंपवितो. हे नियंत्रक बहुधा मनोऱ्यांत नसून निराळ्या दालनांत, रडारच्या पडद्यासमोर बसलेले असतात. दोन विमानांमध्यें ठराविक अंतर राखणें, हा या सर्व खटाटोपाचा गाभा होय. उभें अंतर सामान्यतः १,००० फूट. तें नसेल तर आडवें अंतर, लांबच्या मार्गावर सामान्यतः ५ सागरी मैल. नियंत्रकाचा आदेश वैमानिकानें परत म्हणून दाखवावयाचा आणि नियंत्रकानें तो कान देऊन ऐकावयाचा, असा दंडक आहे. वर्गांत पाढे म्हणवून घेतात, तशांतलाच हा प्रकार. कंटाळवाणा खरा, पण हजारों प्रवाशांचे प्राण याच घोकंपट्टीवर अवलंबून असतात.

हें ध्यानांत घेतलें म्हणजे आक्षेपांचें मर्म उघड होतें. एक विमानतळ बंद पडला म्हणून सारें आकाश बंद पडत नाहीं. दूरच्या प्रदेशाचे नियंत्रक दुसरीकडे असतात, आणि विमानें अन्य विमानतळांकडे वळविणें हा त्यांच्या नित्याच्या कामाचा भाग आहे. विमानांत बिनतारी यंत्रें एकाहून अधिक असतात आणि संकटकाळासाठीं जगभर एक स्वतंत्र लहरसंख्या राखून ठेवलेली आहे. मुक्कामाच्या विमानतळापर्यंत पुरेल तेवढेंच इंधन घेऊन कोणी निघत नाहीं. पर्यायी विमानतळ गांठण्यास लागणारें आणि त्यावर सुमारें अर्ध्या तासाचें इंधन शिलकेंत ठेवावें लागतें. उंची मोजण्याचें एक साधन हवेच्या दाबावर चालतें, दुसरें जमिनीकडे लहरी सोडून अंतर सांगतें. तेव्हां जमिनीवरील एका खोटेपणानें वैमानिक सहजासहजीं फसावयाचा नाहीं. संकटांतून निसटण्याच्या या वाटा बोलपटानें बुजवून टाकल्या, कारण त्या उघड्या राहिल्या असत्या तर कथेची गांठच बसली नसती.

येथपर्यंत चिकित्सकांची सरशी झाली. परंतु ‘असें घडतच नाहीं’ हा त्यांचा निष्कर्ष मात्र टिकत नाहीं. आपत्ती येते, ती येण्याची रीत निराळी असते.

१२ नोव्हेंबर १९९६ रोजीं दिल्लीच्या पश्चिमेस चरखी दादरीजवळ दोन विमानें आकाशांत एकमेकांवर आदळून ३४९ माणसें मृत्युमुखीं पडलीं. सौदी विमान दिल्लीहून निघून १४,००० फुटांवर चाललें होतें. समोरून येणाऱ्या कझाक विमानानें १५,००० फुटांवर राहावयाचें होतें, पण तें त्याखालीं उतरलें. चौकशींत जबाबदारी कझाक वैमानिकांवर ठेवण्यांत आली. परंतु येणाऱ्या व जाणाऱ्या विमानांना वाट एकच होती आणि दिल्लीच्या तेव्हांच्या रडारवर विमानाची उंची दिसत नव्हती, याही गोष्टी उघडकीस आल्या. त्यानंतर टक्कर टाळण्याची सूचना वैमानिकाला थेट देणारें यंत्र भारतांत विमानांना सक्तीचें करण्यांत आलें.

यंत्र आलें म्हणजे चिंता मिटली काय? याचें उत्तर युरोपांत मिळालें. १ जुलै २००२ च्या रात्रीं जर्मनी व स्वित्झर्लंड यांच्या सीमेजवळ, युबरलिंगन गांवावर, एक रशियन प्रवासी विमान व एक मालवाहू बोइंग यांची टक्कर होऊन ७१ जण प्राणास मुकले. त्यांत स्पेनला सहलीस निघालेलीं पुष्कळ शाळकरी मुलें होतीं. दोन्ही विमानांत तें यंत्र होतें आणि तें बिघडलेलेंही नव्हतें.

आकाशाच्या त्या भागाचें नियंत्रण झुरिचहून होत असे. त्या रात्रीं तेथें कामावर एकच नियंत्रक होता. दुसरा, चालत आलेल्या रिवाजाप्रमाणें, विश्रांतीस गेला होता. यंत्रणेची दुरुस्ती चालू असल्यामुळें टकरीचा आगाऊ इशारा पडद्यावर उमटत नव्हता. मुख्य टेलिफोन त्याच कारणास्तव बंद आणि राखीव टेलिफोन नादुरुस्त. त्याच वेळीं उशिरां आलेलें तिसरें विमान उतरविण्यासाठीं नियंत्रकाला दुसऱ्या मेजाकडे जावें लागत होतें. जर्मनींतील कार्ल्सरूह येथील नियंत्रकांना धोका दिसला. ते झुरिचला टेलिफोन लावीत राहिले, पण तो लागला नाहीं. दोन्ही विमानें ३६,००० फुटांवर होतीं. झुरिचच्या नियंत्रकाला संकट उमगलें तेव्हां मिनिटभराचाही अवधि उरला नव्हता. त्यानें रशियन विमानाला खालीं उतरण्यास सांगितलें. लागलीच यंत्रानें त्याच विमानाला वर चढण्यास आणि बोइंगला खालीं उतरण्यास सांगितलें. बोइंगनें यंत्राचें ऐकलें, रशियन विमानानें माणसाचें. दोन्ही विमानें उतरत गेलीं. यंत्र व माणूस यांच्या सांगण्यांत विरोध आला तर कोणाचें मानावें, याविषयींचे तेव्हांचे नियम संदिग्ध होते.

या अपघातांत ज्याची पत्नी व दोन मुलें गेलीं, अशा एका पित्यानें २४ फेब्रुवारी २००४ रोजीं त्या नियंत्रकाला त्याच्या घरीं गांठून ठार केलें. सर्व कारणें मांडणारा चौकशीचा अहवाल प्रसिद्ध झाला तो मे २००४ मध्यें, म्हणजे सूड उगवून झाल्यावर. पुढें २००७ सालीं स्विस न्यायालयानें नियंत्रण-कंपनीच्या चार व्यवस्थापकांना निष्काळजीपणानें मृत्यूस कारण झाल्याबद्दल दोषी ठरविलें. विरोध आल्यास वैमानिकानें यंत्राचेंच ऐकावें, हा नियमही निःसंदिग्ध करण्यांत आला.

याच घटनेवरून सुचलेला ‘आफ्टरमाथ’ हा बोलपट २०१७ सालीं निघाला. घटना अमेरिकेंत नेलेली, आणि शोकग्रस्त पित्याच्या भूमिकेंत अर्नोल्ड श्वार्झनेगर. थरारासाठीं आलेल्या प्रेक्षकाला तो संथ वाटण्याचा संभव आहे, कारण त्याचा भर टकरीवर नसून मागाहूनच्या दुःखावर आहे. आणि नियंत्रकाच्या दुःखालाही त्यांत जागा दिलेली आहे. ही त्याची जमेची बाजू. पण तेथेंही पडद्यावर समोरासमोर उभीं राहतात तीं दोन माणसेंच. रिवाज, दुरुस्तीचें वेळापत्रक आणि संदिग्ध नियम यांना चेहरा नसल्यामुळें त्यांना भूमिका देतां येत नाहीं.

बोलपटाची ही अडचण समजण्यासारखी आहे. पित्याचा शोक तर कोणालाही समजेल. मात्र प्रेक्षकानें बोलपटाच्या सोयीला न्यायाचें माप समजूं नये. उद्यां वर्तमानपत्रांत अपघाताची बातमी येईल आणि दुसऱ्या दिवशीं एखादें नांवही येईल. सुशिक्षित घरांत तेव्हां ‘कोणाची चूक?’ या प्रश्नाबरोबर आणखीही कांहीं विचारलें जावें: त्याच्यासोबत कामावर कोण असावयास हवें होतें, कोणतें यंत्र बंद होतें, कोणता नियम अर्धवट राहिला होता? उत्तरें यावयास महिने लागतात, कधीं वर्षें. तोंवर निकाल राखून ठेवणें, एवढें तरी ऐकणाऱ्याच्या हातीं आहे.