खोली दुरुस्त करायची, तर आधी काय?

कडेगावच्या मोहरमचे उंच ताबूत कळसाकडून खाली बांधत आणतात, तळ शेवटी. खोली तशी बांधता येत नाही, पण तिचं नियोजन तसंच करायचं असतं: शेवटी जे दिसणार, तिथून सुरुवात करून एकेक पायरी मागे यायचं. कामाला हात मात्र दुसऱ्या टोकाकडून घालायचा. जे झाकलं जाणार, ते आधी.

पलंग समोरच्या भिंतीला लावायचा ठरला, की पंख्याचं बटण उशाशी हवं. बटण तिथे हवं, तर भिंतीत झिरी पाडून पाइप टाकावा लागणार, आणि झिरी गिलाव्याच्या आधीच पाडलेली बरी. म्हणजे पलंगाची जागा गवंडी येण्यापूर्वी ठरायला हवी. बहुतेक घरांत ती रंग झाल्यावर ठरते. मग नवी भिंत फोडावी लागते, नाहीतर वायर भिंतीवरून लोंबते.

सुरुवात छतापासून. स्लॅब गळत असेल, तर वर बांध घालून 24 तास पाणी साठवून बघावं आणि गळती बंद झाल्याशिवाय आतल्या भिंतीला हात लावू नये. पत्रा किंवा कौलं असतील, तर हे काम पावसाळ्याआधी उरकावं. मग जुना गिलावा, फरशी, चौकटी काय काढायचं ते एकदाच काढावं. धूळ पुन्हा पुन्हा उडवण्यात मजुरीही जाते.

जुन्या घरांच्या दगड-मातीच्या भिंतींबाबत माझं मत ठाम आहे: त्यांवर सिमेंटचा गिलावा नको. ओल आत अडकते आणि काही वर्षांत पापुद्रे सुटतात. चुन्याचा गिलावा करावा, तो भिंतीला श्वास घेऊ देतो.

वायरमन आणि प्लंबर यांची कामं झिरी बुजवण्याआधी पूर्ण व्हावीत. नळाच्या लाइनमध्ये दाबाने पाणी सोडून सांधे तपासावेत, कारण नंतर एक थेंब शोधायला अख्खी भिंत उकरावी लागते. चौकटी बसल्या की गिलावा. सिमेंटचा असेल, तर किमान 7 दिवस पाणी मारायचं आणि पुढे नीट वाळू द्यायचं. रंगाआधी साधारण चार आठवडे जावेत. घाई होते ती इथेच, आणि पुढे पुट्टी फुगते तीही यामुळेच.

हे आठवडे वाया जात नाहीत, याच काळात फरशी होते. वाळवीचं औषध जमिनीत टाकायचं असेल, तर ते फरशीखाली, म्हणजे आधी. मात्र फरशीची उंची चौकट बसवण्यापूर्वीच ठरवावी. पाण्याच्या नळीने चारही भिंतींवर एक रेघ मारून घ्यावी आणि सगळी मापं त्या रेघेवरून घ्यावीत. खालचा मसाला आणि टाइल मिळून दोन इंच सहज वाढतात. तो हिशेब राहिला, की दार फरशीला घासतं आणि सुताराला खालून रंधा मारावा लागतो.

नंतर पुट्टी, प्रायमर आणि रंगाचा पहिला हात. फरशीवर प्लास्टिक अंथरून त्यावर जुनी पोती टाकावीत. सुताराचं काम झाल्यावरच शेवटचा हात, तोही वरून खाली: आधी छत, मग भिंती, मग दारं-खिडक्या. बटणांच्या पट्ट्या, दिवे आणि पंखा बसवायला वायरमनला रंग सुकल्यावर पुन्हा बोलवावं लागतं. ही दुसरी खेप पहिल्याच दिवशी मजुरीत धरून घ्यावी, नाहीतर तो पुढच्या कामावर गेलेला असतो आणि खोली आठवडाभर अंधारात राहते.