जनुकांत लिहिलेले आणि दाण्यात उतरलेले

परंडा, बार्शी, करमाळा या पट्ट्यातील काळ्या रानात हस्ताच्या आगेमागे पेरला जाणारा आणि पुढे जमिनीतल्या ओलीवरच वाढणारा शाळू, म्हणजे रब्बी ज्वारी, हा येथील घराघरांतील भाकरीचा आधार असून, त्यात मोहोळच्या संशोधन केंद्रात निवड पद्धतीने तयार झालेल्या मालदांडी ३५-१ या वाणाचा मान आजही टिकून आहे. मात्र ज्वारीच्या प्रथिनांत दोन उणिवा आहेत: शरीराला आवश्यक असलेले लायसिन हे अमिनो आम्ल त्यांत थोडे असते, आणि शिजवल्यावर ती पचायला जड होतात.

यामागचे कारण केवळ जनुकांत शोधून सापडत नाही. २००९ मध्ये ज्वारीचा जनुकसंच, म्हणजे १० गुणसूत्रांवरील सुमारे ७३ कोटी अक्षरांचा आनुवंशिक मजकूर, प्रसिद्ध झाला. पण कोणते प्रथिन बनू शकते एवढेच तो सांगतो, दाण्यात ते खरोखर किती आणि कोणत्या रूपात उतरले हे सांगत नाही. त्यासाठी प्रथिनांचे विकराने तुकडे करून मास स्पेक्ट्रोमीटर या यंत्रावर त्यांचे वस्तुमान मोजतात आणि जनुकसंचावरून काढलेल्या संभाव्य तुकड्यांशी ते ताडून पाहतात. जो तुकडा ज्ञात जनुकांशी जुळत नाही, त्याचा माग संपूर्ण जनुकसंचात काढला असता कधी कधी नोंदीतून निसटलेले जनुकच हाती लागते. या जोड अभ्यासाला प्रोटिओजेनोमिक्स म्हणतात.

ज्वारीच्या दाण्यातील मुख्य साठवण प्रथिन काफिरिन हे होय. ते पेशीत सूक्ष्म गोल कणांत साठते. या कणांच्या कडेची गंधकयुक्त प्रथिने शिजताना एकमेकांना घट्ट सांधली जातात, त्यामुळे आतल्या काफिरिनपर्यंत पाचक विकरे सहज पोचत नाहीत. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात १९७० च्या दशकात रसायनाच्या प्रक्रियेने मिळवलेल्या एका ज्वारीत मात्र लायसिन जास्त होते आणि प्रथिने सहज पचत होती. तिचे गूढ २०१३ मध्ये उलगडले. नव्याने बनलेल्या काफिरिनच्या टोकाशी एक छोटी शेपटी असते, जी प्रथिनाला योग्य जागी पोचवल्यावर कापली जाते. या वाणात एका जनुकातील एकच अक्षर बदलल्याने ती कापली जात नव्हती, परिणामी कणांची गोल घडणच बिघडत होती. काफिरिनची अशी अनेक जनुके जवळजवळ सारखी आणि एकाच ठिकाणी दाटीने असल्याने, बदललेले प्रथिन समोर ठेवल्याखेरीज दोषी जनुक निवडणे अवघड होते, आणि हेच या जोड पद्धतीचे खरे बळ आहे.

तथापि त्या वाणाचा दाणा मऊ आणि पिठूळ होता, तर परंड्याच्या बाजारात टपोऱ्या, टणक, मोत्यासारख्या दाण्यालाच भाव असतो. म्हणूनच ज्वारीचे पोषण सुधारू पाहणाऱ्या संशोधकांनी मालदांडीची जनुके आणि प्रथिने एकत्र अभ्यासावीत, आणि नव्या वाणाचा निवाडा भाकरी थापणाऱ्या हातांकडूनही घ्यावा.