अरण्यज्ञान आणि दैवतश्रद्धा

चंद्रपूर व गडचिरोली या वनव्याप्त जिल्ह्यांतील गोंड आणि माडिया समाजांत अलौकिक शक्तींवरील श्रद्धा व निरीक्षणातून आलेले व्यवहारज्ञान एकाच माणसाच्या ठायी सहज नांदतात. बाहेरच्या माणसाला यात विसंगती दिसते. वस्तुतः दोहोंची कार्यक्षेत्रे निराळी आहेत.

मोहाची फुले चैत्राच्या सुमारास रात्री व पहाटे गळतात. त्याआधी झाडाखालचा पालापाचोळा जाळून जमीन साफ करतात, उजाडताच फुले टोपलीत वेचून उन्हात पसरतात. ओल राहिली तर बुरशी धरते, हे घरातल्या पोरांनाही ठाऊक असते. हेच झाड पूज्य आहे; त्याच फुलांच्या दारूचे थेंब देवाला व पूर्वजांना वाहिले जातात. माडियांच्या ‘पंडुम’ या सणांत नवे फळ, नवे धान्य देवाला अर्पण होईपर्यंत कोणी तोंडात घालत नाही. फळ पक्व होण्याआधी तुटू नये, हे या बंधनामुळे आपोआप साधते.

वाघाशी झुंजताना मेलेल्या तारू या गावप्रमुखाचे ठाणे ताडोबा तलावाकाठी आहे, अशी परंपरा सांगते. १९५५ साली घोषित झालेल्या राष्ट्रीय उद्यानाचे नाव त्याच्याशीच जोडले जाते. तारूला हात जोडणारा गुराखी वाघाची चाहूल देणारा वानरांचा इशारा ऐकताच वाट बदलतो.

आजारपणात मात्र प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. मानववंशशास्त्रज्ञ इव्हान्स-प्रिचर्ड यांनी १९३७ साली आफ्रिकेतील आझांदे लोकांविषयी लिहिलेला ग्रंथ येथे मार्गदर्शक ठरतो. कोठार वाळवीने कोसळते, हे आझांदेंना माहीत होते. नेमकी हीच माणसे खाली बसली असता ते का कोसळले, याचे उत्तर ते चेटकात शोधत. गडचिरोलीतही तापावर जडीबुटी दिली जाते आणि ‘हा ताप मलाच का?’ हे पुजाऱ्याला विचारले जाते. हे उत्तर चेटकीण म्हणून एखाद्या बाईकडे बोट दाखवू लागले, की श्रद्धेचे रूपांतर अन्यायात होते. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा म्हणूनच आवश्यक होता.

डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीतच शोधग्राम येथे रुग्णालय उभारताना आदिवासींचेच मत विचारले. मोठ्या इमारतीची भीती वाटते, नातलगांना रुग्णापाशी राहता येत नाही आणि दवाखान्यात देव नसतो, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. म्हणून रुग्णालय झोपड्यांच्या गावासारखे बांधले गेले आणि त्याला माँ दंतेश्वरीचे नाव मिळाले. तेथे देवीची जत्रा भरते. गावोगावचे लोक एकत्र बसून कोणत्या आजारावर आधी काम व्हावे, हे सांगतात. त्यांनी आग्रहाने पुढे केलेले नाव मलेरियाचे होते.