मौलाना आझादांचें आत्मवृत्त आणि त्याचे वाचक

जानेवारी १९५९ मध्यें मौलाना अबुल कलाम आझाद यांचें ‘इंडिया विन्स फ्रीडम’ हें पुस्तक प्रसिद्ध झालें, तेव्हां त्याचा कर्ता हयात नव्हता. २२ फेब्रुवारी १९५८ रोजीं मौलानांचें निधन झालें होतें. ज्यांच्यावर पुस्तकांत कठोर टीका आहे ते सरदार वल्लभभाई पटेल तर १९५० सालींच निवर्तले होते. फिर्यादी गेलेला, प्रतिवादीहि गेलेला, आणि निवाडा करण्यास उरले ते वाचक. प्रश्नहि साधासुधा नव्हता. देशाची फाळणी टळूं शकली असती काय, आणि ती टळली नाहीं याचा दोष कोणाच्या माथीं, हा तो प्रश्न होता. लक्षावधि कुटुंबें ज्या घटनेनें उध्वस्त झालीं, तिच्याविषयींचें पुस्तक सर्वांनीं एकाच मनानें वाचणें शक्यच नव्हतें.

मतभेदांचें पहिलें कारण पुस्तकाच्या घडणींतच आहे. मौलानांची भाषा उर्दू. ते सायंकाळीं उर्दूंत आठवणी सांगत. हुमायून कबीर टिपणें घेत व त्यांवरून इंग्रजी मसुदा तयार करीत. तो मसुदा मौलाना वाचून दुरुस्त करीत. कथन मुख्यतः १९३५ नंतरच्या बारा-तेरा वर्षांचें, पण सांगणें मात्र बऱ्याच काळानें झालेलें. शिवाय सुमारें तीस पानांचा मजकूर त्यांनीं छापील प्रतींतून वगळला आणि संपूर्ण प्रत कलकत्त्याचें राष्ट्रीय ग्रंथालय व दिल्लीचें राष्ट्रीय अभिलेखागार येथें तीस वर्षांसाठीं मोहोरबंद करून ठेवविली. म्हणजे १९५९ च्या वाचकाच्या हातीं आली ती वृद्धापकाळची आठवण, तीहि दुसऱ्याच्या लेखणींतून परभाषेंत उतरलेली आणि कांहीं भाग झांकलेली.

पुस्तकाचा मध्यबिंदु म्हणजे १९४६ चें वर्ष. ब्रिटिश मंत्रिमंडळाच्या शिष्टमंडळानें १६ मे रोजीं जी योजना मांडली, तींत संरक्षण, परराष्ट्रव्यवहार व दळणवळण एवढींच खातीं मध्यवर्ती सत्तेकडे ठेवून प्रांतांचे तीन गट करावयाचे होते. मुस्लिम लीगनें ती जूनमध्यें मान्य केली. काँग्रेसच्या महासमितीनेंहि जुलैच्या आरंभीं मुंबईस मान्यता दिली. त्यानंतर १० जुलै रोजीं मुंबईंतच पत्रकारांशीं बोलतांना पंडित नेहरूंनीं सांगितलें कीं, काँग्रेस घटनासमितींत जाईल ती कोणत्याहि करारानें बांधून न घेतां जाईल. महिनाअखेर लीगनें आपली मान्यता मागें घेतली. मौलानांच्या मतें येथें हातची संधि निसटली. आणि १९४६ सालीं अध्यक्षपद सोडून नेहरूंचें नांव आपण सुचविलें, ही स्वतःची मोठी चूक असें ते कबूल करतात. तरीहि हें पुस्तक त्यांनीं अर्पण केलें आहे तें नेहरूंनाच.

या कथनावर वाचकांत तट पडले. कांहींना तो घरच्या साक्षीदाराचा कबुलीजबाब वाटला. काँग्रेसचा १९४० ते १९४६ पर्यंतचा अध्यक्षच असें म्हणतो, मग आणखी पुरावा कशाला, असा त्यांचा युक्तिवाद. दुसऱ्यांनीं उत्तर दिलें कीं, प्रांतांचे गट सक्तीचे कीं ऐच्छिक, हा वाद १० जुलैपूर्वींच पेटलेला होता. एका मुलाखतीवर सारा भार टाकणें म्हणजे वाळलेल्या रानाचा विचार न करतां एका ठिणगीलाच दोष देणें होय. डॉ. राममनोहर लोहिया यांची प्रतिक्रिया याहून निराळी. ते या पुस्तकाचें परीक्षण लिहावयास बसले आणि त्यांतून १९६० सालीं फाळणीच्या गुन्हेगारांविषयींचें त्यांचें स्वतंत्र इंग्रजी पुस्तकच तयार झालें. फाळणीला संमति देणाऱ्या कार्यकारिणीच्या बैठकीस ते निमंत्रित म्हणून हजर होते. त्यांचा आक्षेप असा कीं, पुस्तकांत फाळणीचा कडवा विरोधक म्हणून दिसणारे मौलाना त्या बैठकींत कोपऱ्यांत सिगारेट ओढीत मुकाट्यानें बसून होते. लोहियांच्या दृष्टीनें प्रश्न एका नेत्याचा नव्हताच; थकलेल्या साऱ्या नेतृत्वाचा होता.

मुंबईच्या वाचकांना अधिक जवळचें प्रकरण म्हणजे १९३७ चें. निवडणुकीनंतर मुंबई इलाख्याचें मुख्यमंत्रिपद शहरांतील काँग्रेसचे ख्यातनाम पुढारी के. एफ. नरीमन यांच्याकडे जाईल अशी अनेकांची अपेक्षा होती. तें मिळालें बाळासाहेब खेरांना. मौलाना म्हणतात, नरीमन पारशी असल्यामुळें त्यांना डावलण्यांत आलें आणि त्यामागें सरदार पटेल होते. परंतु या तक्रारीची चौकशी त्याच वर्षीं महात्मा गांधी व कायदेपंडित बहादुरजी यांनीं केली होती आणि निर्णय नरीमन यांच्या विरुद्ध गेला होता. १९३४ च्या मध्यवर्ती कायदेमंडळाच्या निवडणुकींत नरीमन यांनीं पक्षाशीं निष्ठा राखली नाहीं, हा आरोपहि त्या चौकशींत होता. एक वाचक म्हणतो, निर्णय झाला, तेव्हां विषय संपला. दुसरा म्हणतो, कागदावर सिद्ध न झालेली गोष्टहि आंतल्या मंडळींना ठाऊक असूं शकते, आणि मौलाना आंतलेच होते. तिसऱ्याला शंका येते कीं, इलाख्यांतील मराठी, गुजराथी व कानडी जिल्ह्यांतून निवडून आलेल्या सभासदांना शहराचा पुढारी खरोखर आपला वाटत होता काय. पहिला निकाल पाहतो, दुसरा साक्षीदाराची जागा पाहतो, तिसरा परिस्थिति. तिघांचेहि प्रश्न योग्य आहेत. पण एकाचें उत्तर दुसऱ्याला लागू पडत नाहीं.

मोहोरबंद पानांनीं तर या पुस्तकाभोंवतीं तीस वर्षें कुतूहल जागतें ठेवलें. न्यायालयीन वादामुळें थोडा विलंब होऊन १९८८ सालीं तीं उघडलीं गेलीं. एखादें गुप्त प्रकरण बाहेर येईल अशी ज्यांची अपेक्षा होती त्यांची निराशा झाली; कारण तो मजकूर ठिकठिकाणीं विखुरलेला होता आणि त्यांत नवीन घटनांपेक्षां व्यक्तींविषयींची अधिक तिखट मतें होतीं. तरी संपूर्ण आवृत्तींतील एक विधान मोलाचें आहे. आपण नेहरूंऐवजीं पटेलांना पाठिंबा द्यावयास हवा होता, ते शिष्टमंडळाची योजना तडीस नेते, असें मौलाना लिहितात. ज्या पुस्तकाला सरदारविरोधी म्हणून नांवें ठेवलीं गेलीं, त्याच पुस्तकाची ही दुसरी बाजू! पुढें १९८९ सालीं राजमोहन गांधी यांनीं तत्कालीन कागदपत्रांशीं ताडून पाहून मौलानांच्या कथनांतील चुका दाखविणारें स्वतंत्र पुस्तक प्रसिद्ध केलें. त्याच वर्षीं मुंबईचे घटनातज्ज्ञ एच. एम. सिरवई यांनीं फाळणीच्या इतिहासाची छाननी करून काँग्रेसच्या नेत्यांकडेहि जबाबदारीचा मोठा वांटा जातो असें मत मांडलें.

मौलानांना साहित्यिक म्हणून ओळखणाऱ्यांची तक्रार आणखी वेगळी. १९४२ ते १९४५ या काळांत ते त्या वेळच्या अहमदनगरच्या किल्ल्यांत बंदिवान होते. तेथें त्यांनीं लिहिलेल्या पत्रांत चहा आहे, खोलींत घरटें बांधणाऱ्या चिमण्या आहेत, आणि दूर कलकत्त्यास पत्नी वारली त्याचें दुःखहि आहे. ‘गुबारे-खातिर’ या नांवानें तीं पत्रें प्रसिद्ध आहेत. तीं वाचलेल्या माणसाला हें इंग्रजी आत्मवृत्त कोरडें वाटतें. माणूस हरवला आणि सभांचें इतिवृत्त उरलें, असें त्याला वाटतें.

तेव्हां एकाच पुस्तकाला कोणी साक्ष मानतो, कोणी कैफियत, कोणी कबुली. यांपैकीं कोणताहि वाचक केवळ पूर्वग्रहानें आंधळा आहे असें म्हणणें अन्यायाचें होईल. मात्र आत्मवृत्ताकडून काय घ्यावयाचें याचा विवेक हवा. तारीख, ठराव, कोण काय बोलला, या गोष्टी त्या वेळच्या पत्रांशीं व नोंदींशीं ताडून पाहाव्या. तेथें आठवणीचा शब्द अखेरचा नव्हे. पण एक अनुभवी पुढारी आयुष्याच्या अखेरीस कोणत्या क्षणाकडे पुनः पुनः वळतो आणि स्वतःच्या कोणत्या निर्णयाबद्दल हळहळतो, हें दुसरा कोणताहि कागद सांगूं शकत नाहीं. मौलानांच्या घटनांविषयींच्या विधानांत चुका निघाल्या, पुढेंहि निघतील; त्यांची हळहळ मात्र खोटी ठरलेली नाहीं.