ओलीवरची वैरण

वसुबारसेच्या तिन्हीसांजेला दुसरबीडच्या गोठ्यागोठ्यांतून गाईवासरांची पूजा होते, त्यांच्या पायांवर पाणी पडते, कपाळाला हळदकुंकू लागते, आणि मग गव्हाणीत जो हिरवा भारा टाकला जातो त्याकडे सहसा कोणी निरखून पाहत नाही. वस्तुतः पावसाळ्याच्या पुण्याईवर मिळालेला तो बहुधा शेवटचा हिरवा भारा असतो. सोयाबीन तोवर निघून गेलेले असते, धुऱ्यावरचे गवत पिवळे पडून त्याला कुसळे आलेली असतात, आणि तेथून पुढच्या मृगापर्यंतचे सात महिने जनावरांनी कशावर काढावयाचे याचा निकाल त्याच पंधरवड्यात, वावरात कोणते बी पडते किंवा पडून चुकले आहे त्यावरून, लागलेला असतो. दिवाळीचा फराळ करताना ज्याची आठवणही होत नाही अशा या निकालाविषयी मला येथे लिहावयाचे आहे.

दुसरबीड हे सिंदखेड राजा तालुक्यातले, जालन्याहून मेहकरकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावरचे गाव. वऱ्हाडचे जुने लोक पायनघाट आणि बालाघाट असा मुलखाचा भेद करीत, त्यांपैकी हा बालाघाट. म्हणजे उत्तरेकडे तापीला मिळणाऱ्या पूर्णेचे सपाट, खोल काळ्या मातीचे खोरे नव्हे, तर खडकपूर्णेच्या अंगाचा, दक्षिणेकडच्या दुसऱ्या पूर्णेला आणि पुढे गोदावरीला पाणी देणारा चढउताराचा प्रदेश. उतारावर मुरमाड, सखल भागात काळी आणि मध्ये दोहोंची भेसळ अशी येथली जमीन. पाऊस सालीना सुमारे सातशे मिलिमीटर, तोही एखाद्या वर्षी हस्ताला हुलकावणी देणारा.

हिवाळ्यात तगणारी वैरण म्हटले की युरोप-अमेरिकेतल्या कास्तकारासमोर प्रश्न उभा राहतो तो बर्फाचा. तेथे राय, केसाळ व्हेच, क्लोव्हर यांची पारख बर्फाखाली मूळ जिवंत राहते की नाही यावर होते, आणि पुष्कळ ठिकाणी रानातल्या हरणांसाठीही अशा पिकांचे तुकडे मुद्दाम पेरून ठेवतात. आपल्याकडे पौषातल्या काही रात्री पारा दहा अंशांच्या खाली उतरतो खरा, पण त्या थंडीने हरभरा, जवस, गहू मरत नाहीत. उलट त्यांना ती हवीच असते. आपल्या पिकाची परीक्षा जमिनीच्या वर होत नाही, खाली होते. पाऊस सरल्यावर काळ्या मातीने पोटात धरून ठेवलेली ओल दिवसेंदिवस खाली खाली जाते, आणि तिच्या मागोमाग ज्याचे मूळ उतरत जाते तेच पीक माघापर्यंत उभे राहते. हिवाळी वैरणीची निवड ही दुसरबिडात तरी ओलीचीच निवड आहे.

या परीक्षेत शतकानुशतके उतरलेले पीक म्हणजे रब्बीची ज्वारी, आपला शाळू. उत्तरा आणि हस्त या नक्षत्रांत, म्हणजे सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, तिफणीच्या चाड्यावर मूठ धरावयाची. फार आधी पेरली तर खोडमाशी पोंगा मारते, उशीर झाला तर ओल हातची जाते. दिवस लहान होऊ लागले की निसवण्याची ओढ या पिकाच्या रक्तातच आहे, आणि जमीन तडकून तिच्या भेगांत मुळे तुटण्याआधी दाणा भरून घेण्याची त्याची घाई पाहण्याजोगी असते. सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या संशोधन केंद्रावर स्थानिक मालदांडीतून निवडून काढलेले मालदांडी ३५-१ हे वाण कित्येक दशके महाराष्ट्राच्या अवर्षणी पट्ट्यात ठाण मांडून बसले, ते केवळ मोत्यासारख्या दाण्यामुळे नव्हे. दाण्याच्या वजनाच्या दुपटीहून अधिक कडबा ते देते. धाट गोडसर असते, आणि जनावर ते शेंड्यापासून बुडख्यापर्यंत खाते. जनावरांच्या बाजारात उभ्या असलेल्या म्हाताऱ्या कास्तकाराला विचारले तर तो ज्वारीची किंमत क्विंटलावर सांगेल, पण तिची अब्रू मात्र पेंढीवर मोजील.

आमच्या घरामागच्या आवारात कडब्याची गंजी लागे ती माझ्या लहानपणाची सर्वांत उंच इमारत होती. गंजी रचणारा माणूस पेंढ्यांचे शेंडे आत आणि बुडखे बाहेर ठेवी, दर थराला किंचित उतार देई, आणि माथ्यावर तुराट्या व गवत यांचे छप्पर असे बसवी की वळवाचा पाऊस आला तरी पाणी बाहेरच्या बुडख्यांवरून निथळून जावे. चैत्र-वैशाखात त्याच गंजीच्या पोटातून एक पेंढी ओढून काढली की तिच्यातून जो वास येई तो वाळलेल्या धाटाचा नव्हता; किंचित गुळासारखा, किंचित ओल्या मातीसारखा, कार्तिकातला हिरवेपणा कोणी दडवून ठेवावा तसा तो वास होता, आणि दावणीची बैलजोडी तो आमच्याआधी ओळखून मान वर करी. जनावर मध्यम असले तरी त्याला दिवसाला सहा किलो सुकी वैरण धरली, तर फाल्गुनापासून मृगापर्यंतच्या १२० दिवसांना सात क्विंटलांहून अधिक लागते. हा हिशेब कोणी कागदावर मांडीत नसे. तो गंजीच्या उंचीवरून होत असे.

ती गंजी गेली कशी, याचा इतिहास एका कारणाचा नाही. १९६४ मध्ये सीएसएच-१ ही देशातली पहिली संकरित ज्वारी आली आणि खरिपाच्या ज्वारीचे धान्य वाढले, पण ताट बुटके झाले. लोकांनी धान्याकडे पाहिले, ते त्या काळच्या टंचाईत स्वाभाविकच होते. पुढे गेल्या तीस-पस्तीस वर्षांत सोयाबीनने आमचा मुलूख व्यापला. सोयाबीन शंभर-एकशे दहा दिवसांत निघते, रोख पैसा देते आणि मागे हरभऱ्याला वाव ठेवते, म्हणून त्याला दोष देणे कास्तकाराच्या संसाराकडे पाठ फिरविणे होईल. परंतु काढणीच्या आधीच त्याची पाने गळून पडतात, आणि मळणीनंतर उरते ते खरबरीत काड्यांचे कुटार. हरभऱ्याचे आणि तुरीचे कुटार त्याहून सरस खरे. तरी कुटार हे कुटारच, पोटभरीच्या कडब्याची जागा त्याने घ्यावी अशी अपेक्षा धरणे चूक आहे. माझे स्पष्ट मत असे की, ज्याच्या दावणीला दोन जनावरे आहेत त्याने काळ्या जमिनीतला निदान एक एकर शाळूला दिलाच पाहिजे, मग हिशेबाच्या वहीत तो एकर तोट्याचा दिसला तरी चालेल. कारण वैशाखात विकत घेतलेल्या कडब्याचा खर्च त्या वहीत कोणी लिहीत नाही.

शाळूसाठी पावसाळ्यात वावर मोकळे ठेवण्याची जुनी चाल होती. वखराच्या पाळ्यांवर पाळ्या देऊन रान उघडे ठेवावयाचे. त्या उघड्या रानावरून आषाढ-श्रावणात माती वाहून जाते हे आज कोणालाही दिसते. त्याऐवजी ताग पेरून फुलाच्या सुमारास गाडला, किंवा मूग-उडदाचे लवकर निघणारे पीक घेतले, तर जमीन झाकलीही जाते आणि पुढच्या पिकाला बिवडही मिळतो. ‘बिवड’ हा शब्द मला फार अर्थगर्भ वाटतो. एका पिकाने दुसऱ्यासाठी जमिनीत ठेवून दिलेले देणे एवढा सगळा आशय त्या तीन अक्षरांत आपल्या लोकांनी भरला, आणि मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र बांधतात हे सांगणारे शास्त्र येण्याच्या कितीतरी आधी भरला. अट एकच, की गाडण्याचे काम भाद्रपदाच्या आत उरकले पाहिजे. नाहीतर शाळूच्या वाट्याची ओल तागच पिऊन टाकील.

विहिरीला पाणी असेल तर प्रश्नाचे स्वरूप पालटते. बांधावर लावलेले गजराज गवत पावसाळ्यात पुरुषभर वाढते, पण ते उष्ण मुलखाचे लेकरू. मार्गशीर्ष-पौषात त्याची वाढ जवळजवळ थांबते आणि नेमकी तेव्हाच दुभत्या जनावराला हिरव्याची निकड असते. तेथे ओट कामाला येतो. हेक्टरी शंभर किलो बी कार्तिकात पेरले की पन्नास-पंचावन्न दिवसांत पहिली कापणी, आणि बुडखा थोडा उंच ठेवून कापला तर महिना-सव्वा महिन्याने दुसरी. बरसीम हे मूळ ईजिप्तचे, १९०४ मध्ये सिंधमार्गे हिंदुस्थानात आलेले; उत्तरेकडच्या कालव्यांच्या प्रदेशात त्याने मोठे नाव कमावले. परंतु त्याला पाण्याच्या पाळ्यांमागून पाळ्या लागतात, आणि आमच्याकडे फाल्गुनातच ऊन तापू लागल्याने त्याच्या कापण्या कमी पडतात. खडकपूर्णेच्या धरणाचे पाणी ज्याच्या वावराला लागते त्याने ते करून पाहावे. विहिरीच्या भरवशावर मात्र करू नये.

लसूणघासाची गोष्ट निराळी. त्याला लसणाचा वास नाही की चव नाही. लुसर्न या नावाचेच लोकांच्या तोंडी हे रूप झाले असावे. हे पीक मूळचे इराणकडचे. इराणचा सम्राट दारयवहू याच्या स्वाऱ्यांच्या काळी ते ग्रीसला पोहोचल्याचे रोमन ग्रंथकार लिहितात, आणि त्याच्या अरबी नावाच्या मुळाशी घोड्याचे खाद्य या अर्थाचा जुना इराणी शब्द सांगतात. सोटमूळ खोल जाते, थंडी मानवते, एकदा पेरले की तीन वर्षे टिकते, आणि सुक्या वजनात प्रथिने सुमारे वीस टक्के. कडब्यातल्या तीन-चार टक्क्यांशेजारी हा आकडा ठेवला म्हणजे दोहोंनी एकमेकांना कसे पुरे करावयाचे ते कळते. पाणी चांगले असेल तर हेक्टरी वर्षाला हजार क्विंटलांच्या आसपास हिरवा चारा मिळतो. म्हणजे गुंठ्याला दिवसाकाठी साधारण तीन किलो. विहिरीच्या थारोळ्याखालचे तीन गुंठे एका गाईला पुरतात.

मात्र याच हिरव्या घासाने आमच्या घरची एक कपिला गाय मरणाच्या दारी नेली होती. दहिवराने भिजलेला कोवळा लसूणघास, उपाशी पोटी, भारा भरून. तासाभरात तिची डावी कूस ढोलासारखी वर आली, बोटाने टिचकी मारली की पोकळ आवाज येई, आणि ती मान लांबवून तोंडाने श्वास घेऊ लागली. आईने पावशेर गोडेतेल पाजले, तिचे पुढचे पाय चढावर राहतील असे तिला धरून ठेवले आणि तोंडात कडुलिंबाची आडवी काडी बांधली. पोटातला फेस मोडून ढेकर येईपर्यंत घरातले कोणी बोलले नाही. तेव्हापासून आमच्याकडे आधी कडबा, मग घास, आणि तोही ऊन लागून सुकलेला, हा नेम मोडला नाही. शाळूच्या बाबतीतही असाच एक नेम आहे. पाण्याअभावी खुरटलेल्या कोवळ्या पोंग्यात विषारी आम्ल तयार होते आणि जनावराला किराळ लागते. म्हणून हिरवी ज्वारी फुलोऱ्यावर आल्याखेरीज तिला विळा लावू नये.

आता रानातल्या जिवांविषयी. आमच्या भागात रोही (म्हणजे नीलगायी), हरणांचे कळप आणि रानडुकरे यांनी हिवाळ्याच्या रात्री कास्तकाराच्या डोळ्याला डोळा लागू दिलेला नाही. पहाटे हरभऱ्याच्या वावरात गेले की दहिवराने न्हालेल्या पानांवरून कापड फिरवून आंब गोळा करणारी बाई आजही क्वचित दिसते. पिळलेल्या त्या पाण्याची आंबट धार पोटदुखीवर देतात. ती आंबट चव रोह्याला अडवीत नाही. एका रात्रीत एक कळप घाटे धरलेल्या हरभऱ्याचा कोपरा भुईसपाट करतो, आणि सकाळी त्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या माणसाला वन्यजीवांचे महत्त्व सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही.

यावर आपल्या जुन्या लोकांनी काढलेली एक तोड म्हणजे करडईचा काठ. शाळूच्या किंवा हरभऱ्याच्या चारी अंगांनी करडईच्या चार-सहा ओळी घालावयाच्या. कोवळी असताना तिची भाजी होते. पुढे काटे धरले की गुरे, मेंढरे आत शिरत नाहीत, रोह्याची पहिली धावही थोपते. डुकराला मात्र ती पुरी पडत नाही. तिचे सोटमूळ ओलीच्या मागे पुरुषभर खोल जाते, आणि शेवटी तेलबी हाती येतेच. शाळूच्या कणसांवर थव्यांनी उतरणाऱ्या भोरड्यांना हा काठ अर्थातच कळत नाही. त्यांच्यासाठी माळ्यावर गोफण घेऊन कोणीतरी हवे. मध्य आशियातून येणारा हा गुलाबी अंगाचा पक्षी आमचा दाणा खातो हे खरे, पण तोच आपल्या मूळ देशी टोळधाडीचा फन्ना उडवितो, आणि वसंतात पळसाच्या फुलांवर बसला म्हणजे पळसमैना म्हणून त्याचे कौतुकही होते.

परंतु करडईचा काठ हा बचाव झाला. रोही वावरात येतो तो का, याचे उत्तर वावराच्या बाहेर आहे. इंग्रजी अमदानीत वऱ्हाडच्या जंगलखात्याच्या दप्तरी गवताचे रमणे आणि बाभूळबने यांची स्वतंत्र वर्गवारी होती. गावोगावच्या चराईच्या जमिनी आजही आमच्याकडे ‘ई-क्लास’ याच नावाने ओळखल्या जातात. त्या जमिनीवर पवना, मारवेल आणि पावसाळी शेंगवर्गी वेली वाढत. तेथे गावची ढोरे चरत, तितर-लावे अंडी घालीत, आणि हरिण-रोह्यांना पौषातही तोंड घालावयास काही उरत असे. अतिक्रमणाने, मुरमाच्या खाणींनी आणि बाराही महिने होणाऱ्या चराईने त्या जमिनींवर आता कुसळी आणि तरोटा एवढेच राहिले आहे. पहिली दोन-तीन वर्षे पावसाळाभर चराई बंद ठेवली, मारवेलाची ठोंबे लावली, स्टायलोचे बी फेकले आणि गवत फुलोऱ्यावर असतानाच कापून वाळविले, तर मुरमाड उतारही पुन्हा गवत देतो. त्यासाठी खत लागत नाही की पाणी लागत नाही, लागते ती गावाची एकवाक्यता. अकोला-वाशीम भागात फासेपारधी समाजाच्या लोकांनी माळराने राखण्याचे जे काम हाती घेतले, ते तणमोरासारख्या दुर्मीळ पक्ष्याच्या निमित्ताने असले तरी त्यात गुरांचाही वाटा आहे.

गेल्या मार्गशीर्षात एका पहाटे मी आमच्या वावराच्या धुऱ्यावर उभा होतो. धुई खाली उतरलेली, करडईच्या काट्यांवर दहिवराचे थेंब, आणि पलीकडे एक नर रोही, निळसर करड्या अंगाचा, दोन माद्यांपुढे उभा. त्याने काठाशी नाक नेले, मागे घेतले, ओळीला धरून पंचवीस-तीस पावले चालला, पुन्हा नाक नेले. मग तिघेही वळून ओढा ओलांडून ई-क्लासच्या उताराकडे गेले. तेथे मान खाली घालून त्यांनी बराच वेळ जमीन हुंगली. ऊन वर आले तेव्हा ते परत येताना दिसले, या वेळी शेजारच्या हरभऱ्याच्या बाजूने, जिथे करडई पेरलेली नव्हती.