सुईतून जनुक जात नाही

जनुकीय अभियांत्रिकीची बातमी आली की तिच्यासोबत लालबुंद टोमॅटोत खुपसलेल्या इंजेक्शनचे चित्र हटकून छापले जाते. त्यामुळे ‘शास्त्रज्ञ फळात जनुक टोचतात’ हा समज इतका घट्ट बसला आहे की विज्ञान शिकलेली माणसेही तो बेधडक सांगतात. तो साफ चुकीचा आहे. पिकलेल्या फळात काहीही टोचले तरी त्याच्या कोट्यवधी पेशींतील जनुके बदलत नाहीत. बदल करावा लागतो तो ज्या पेशींपासून पुढे झाड आणि त्याचे बी तयार होणार त्या मोजक्या पेशींत.

सुई वापरली जाते, पण वेगळ्याच कामासाठी. बंगळूरमध्ये हेब्बाळहून बल्लारी रस्त्याने पुढे गेले की कृषी विद्यापीठाचा ‘जीकेव्हीके’ परिसर लागतो. तिथे कापसावर असे काम झाले. काचपात्रात वाढवलेल्या पेशींपासून कापसाचे रोप उभे करणे फार जिकिरीचे असते. म्हणून भारतीय विज्ञान संस्थेत भुईमुगासाठी बसवलेली, ऊतिसंवर्धन टाळणारी पद्धत ‘जीकेव्हीके’तील संशोधकांनी कापसावर वापरली आणि २००८ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. नुकत्याच अंकुरलेल्या बियाच्या कोंबाला निर्जंतुक सुईने बारीक जखम करायची आणि ते बी ‘ॲग्रोबॅक्टेरियम’ जिवाणूच्या द्रावणात बुडवायचे, एवढेच सुईचे काम. जनुक पोचवतो तो जिवाणू.

मातीतला हा जिवाणू जखमी झाडातून झिरपणाऱ्या रसायनांचा माग काढतो आणि आपल्या डीएनएचा एक तुकडा झाडाच्या पेशीत सोडतो. निसर्गात त्यामुळे खोडावर गाठ येते. प्रयोगशाळेत गाठीची जनुके काढून त्या जागी हवे ते जनुक बसवतात. ते कापायला रिस्ट्रिक्शन एन्झाइम लागते. जिवाणू त्याने विषाणूंचा डीएनए तोडतात. ‘इको आर-वन’ हे एन्झाइम जीएएटीटीसी या सहा अक्षरांपाशीच कापते. तुकडे जोडतो लायगेज, आणि जोडलेले जनुक वाहून नेतो प्लाझ्मिड, म्हणजे जिवाणूतला डीएनएचा छोटा गोल. जनुक कोणत्या पेशीत शिरले हे ओळखण्यासाठी सोबत कॅनामायसिन या प्रतिजैविकाला दाद न देण्याची क्षमता देणारे जनुक जोडतात. कोंबाच्या सगळ्या पेशी बदलत नाहीत, त्यामुळे पहिले झाड मिश्र निघते. खरी निवड त्याच्या बियांतून उगवलेल्या पुढच्या पिढीत होते. या कष्टाचा मागमूसही त्या टोमॅटोच्या चित्रात नसतो.

‘निसर्गात असे कधी घडतच नाही’ हेही खोटे. गेंट विद्यापीठ आणि आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्राच्या संशोधकांनी २०१५ मध्ये ‘पीएनएएस’ या नियतकालिकात दाखवले की लागवडीच्या रताळ्याच्या तपासलेल्या सर्व २९१ नमुन्यांत ॲग्रोबॅक्टेरियमचा डीएनए आहे. उपवासाला खाल्ले जाणारे रताळे माणसाच्या हस्तक्षेपाशिवाय जनुकांतरित झालेले आहे.

‘बाजारातले संकरित टोमॅटो जीएम, म्हणजे जनुक बदललेले, असतात’ असेही म्हणतात. पण संकर म्हणजे परागसिंचन, त्यात जनुक टाकावे लागत नाही; आणि जीएम टोमॅटोची भारतात कायदेशीर लागवडही होत नाही. कीड मारणारे जिवाणूचे जनुक घातलेल्या ‘बीटी’ वांग्याला ९ फेब्रुवारी २०१० रोजी स्थगिती दिली गेली, आणि परकीय जनुक घातलेल्या पिकांपैकी भारतात कायदेशीर व्यापारी लागवड फक्त बीटी कापसाची होते, २००२ पासून.

‘बीटी बियाणे वांझ असते’ हाही समज चुकीचा. वांझ बियांच्या ‘टर्मिनेटर’ तंत्राला १९९८ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळाले, पण ते बियाणे कधीच बाजारात आले नाही. बीटी कापसाची सरकी उगवते. वाण संकरित असल्याने पुढची पिढी एकसारखी निघत नाही, इतकेच.